विमलचं मागे पडलेलं वर्ष

दुपारचे तीन वाजले की विमलचे पाय भरून यायचे. सकाळी आठपासून ती गुलबर्ग्याच्या सरकारी दवाखान्यात, मनोरुग्णांच्या वॉर्डात उभीच असायची. कॉलेजातल्या श्रीनिवासराव सरांनी मोठ्या उमेदीनं योजना काढली होती. मानसशास्त्राच्या बी.ए.ची दोन वर्षं झाली की एक वर्ष दवाखान्यात काम करायचं, मग शेवटचं वर्ष. सक्ती नव्हती. १९८३ साली बावीस जणांच्या वर्गातून एकट्या विमलनं नाव दिलं. गावी, दुबलगुंडीला, तिच्या आईनं, कलाबाईनं, डोक्याला हात लावला.

"बाकीच्या पोरी पास होऊन नोकरीला लागतील. तू कामून मागं ऱ्हायलीस?"

विमल पिशवी भरून गुलबर्ग्याला परतली.

वॉर्डात तिचं काय करायचं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हैसूरकडचे, कामानं पिचलेले. तिला कन्नड, उर्दू, मराठी तिन्ही येतात म्हटल्यावर त्यांनी तिला पेशंटचं बोलणं समजावून सांगायला बसवलं. उरलेल्या वेळात चादरींच्या घड्या.

हुलसूरची सरुबाई आठ महिन्यांपासून कोपऱ्यातल्या खाटेवर होती. एकुलता मुलगा तापानं गेला आणि तिनं बोलणंच टाकलं. भाऊ नरसिंग तिला इथं ठेवून गेला. कुठल्याही भाषेत विचारा, ती भिंतीकडे तोंड फिरवायची. चादरी आल्या की मात्र न सांगता उठायची आणि समोरची टोकं धरायची. तीन महिने दोघींनी मुक्यानंच घड्या घातल्या.

एका दुपारी विमल चादर हातात घेऊन तशीच खाली बसली. समोरून आवाज आला.

"जेवलीस का न्हाई?"

विमल दचकली. "मावशी, तुमी बोलायलाव?"

"हळू. डॉक्टरला सांगू नको."

"कामून?"

"बरी झाली म्हणून घरी धाडतील. भावाचं घर हाय ते, माझं न्हाई. भावजय ताट वाढती, पण ठेवताना आपटती. हितं कुणी आपटत न्हाई."

दर शनिवारी सरांना अहवाल द्यायचा असायचा. सरुबाईच्या नावापुढे ती 'फरक नाही' असं लिहीत राहिली. सहा आठवडे लिहिलं. मग एक कोवळी बाळंतीण वॉर्डात आली. खाट नव्हती म्हणून तिला जमिनीवर निजवलं, आणि विमलला सरुबाईच्या खाटेकडे बघवेना.

"मावशी, मला आता लपवणं जमंना."

सरुबाईनं भिंतीकडे तोंड केलं.

रविवारी विमल दोन गाड्या बदलून हुलसूरला गेली. नरसिंगनं सगळं ऐकून घेतलं. "अक्काला आणतो की मी. पण घरात दोघींचं जमत न्हाई. खोटं कशाला बोलू?"

सोमवारी तिनं डॉक्टरांना सगळं सांगितलं, स्वतःचं खोटंही. ते रागावले नाहीत. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले. दवाखान्याच्या स्वयंपाकघरात एक बाई कमी आहे, म्हणाले. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरायला चार महिने लागले. तोवर सरुबाई स्वयंपाकीण पार्वतम्माच्या खोलीत राहिली. शेवटी रोजंदारीवर लागली, भाकरी थापायला लागली, पार्वतम्माशी कन्नडमधून भांडायलाही लागली. विमलशी मात्र कामापुरतंच बोलायची.

वर्ष संपलं. कॉलेजात बैठक झाली. ही योजना सगळ्यांना सक्तीची करावी का, असं सरांनी सगळ्यांसमोर विमलला विचारलं. ती हो म्हणेल अशी त्यांना खात्री होती.

"काम करायला पायजे सर," विमल म्हणाली. "वर्गात बसून मला सरुबाई कळली नसती. पण सक्ती नको. ज्याच्या घरी अजून एक वर्ष थांबायची ऐपत न्हाई, त्यानं काय करावं? अन् एकट्याला पाठवू नका. मी खोटं लिहीत होते, तवा विचारायला कुणीच नव्हतं."

सरांची मान खाली गेली. ते दर शनिवारी अहवालावर सही करत होते.

चर्चा लांबली. अखेर वर्षाऐवजी उन्हाळ्यात एक महिना ठरला, तोही पुढच्या सालापासून. सर विमलबरोबर बसस्टँडपर्यंत चालत आले.

"माझं चुकलं का गं?"

"न्हाई सर. दमले मी, एवढंच."

गावाकडची, हुमनाबादची गाडी लागली. विमलला खिडकीजवळची जागा मिळाली. सर खालून आणखी काही विचारत होते, पण गाडी सुटायच्या आतच तिचा डोळा लागला.