तीन नंबरची पूजा

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे कोपरच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे. पण त्या खंडेनवमीला राग यावा की आभार मानावेत, तेच मला कळेना.

वागळे इस्टेटला आमचा बाटल्यांची झाकणं बनवायचा कारखाना. खंडेनवमीला जो तो आपापली मशीन पुजतो, आणि ज्याच्या हातचं हळद-कुंकू, त्याच्याकडे ती मशीन वर्षभर. कुणी ठरवलेलं नाही, चालत आलंय. तीन नंबर माझी.

मी ताट घेऊन उभी, तेवढ्यात सुपरवायझर विनीतसर आले. "हेमांगीताई, यंदा तुम्ही बसा. सुदेशभाऊंना जाऊन वर्षही नाही झालं. करिश्मा करेल पूजा." ताट काढून घेतलं, तेही हळूच. खुर्ची दिली, पंखा माझ्याकडे वळवला, चहा मागवला. "दसऱ्यानंतर तुम्हाला पॅकिंगला घेतो. बसून काम, आराम."

आता बोला. नवरा वैशाखात गेला, पण पाय माझे शाबूत आहेत. आराम मागितलेला कुणी? बरं, भांडावं तर माणूस इतकं गोड बोलतोय. मी आपली चहा पीत बसले आणि स्वतःलाच शिव्या घातल्या, की बाई, तुझं कुणी चांगलं केलं तरी तुला खुपतं. डोळे भरून आलेले, ते कशाने तेही उमजेना. माझ्या हाताखालची करिश्मा नजर चुकवत तीन नंबर पुसत होती.

पॅकिंगच्या सगुणामावशी शेजारी येऊन बसल्या.

"चहा गोड आहे का गं?"

"आहे."

"मलापण दिलेला. आमचे हे गेले त्या वर्षी, वीस वर्षं झाली. पाच नंबर माझी होती."

मी बघतच राहिले. मावशी मशीनवर होत्या हे मला आजवर माहीतच नव्हतं.

"मग तुम्ही काही बोलला नाहीत?"

"मला वाटलं, काळजी करतायत." त्यांनी हनुवटीने समोर दाखवलं. "तो धोंडिबा बघ. त्याची बायको यंदाच्या होळीला वारली ना?"

धोंडिबा दोन नंबरला हार घालत होता. त्याला ना खुर्ची, ना पंखा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी उठले. "विनीतसर, धोंडिबाभाऊंना पॅकिंगला कधी घेताय?"

"त्यांचं वेगळं आहे, ताई."

"काय वेगळं?"

सरांनी सगळ्यांकडे बघितलं. धोंडिबाने हातातला हार खाली ठेवला. म्हणाला, "सर, आधी ताईंना पूजा करू द्या. मग मी करतो."

करिश्माने ताट माझ्यापुढे धरलं. "मला नकोच होतं, ताई. सर बोलले म्हणून."

विनीतसर वाईट आहेत का? अजून सांगता येत नाही मला. त्यांचा चेहरा खरंच पडलेला. पण मावशी पाठीशी उभ्या होत्या, एवढं पक्कं आठवतंय. मी तीन नंबरला हळद-कुंकू वाहिलं. मग ताट मावशींपुढे केलं.

"तुम्हीपण लावा."

त्यांनी हात पुढे केला आणि तो कुंकवाजवळच थांबला.

"कुठल्या बोटाने गं लावतात?" त्यांनी हळूच विचारलं.