चित्रातली व्यक्ती

"काकू, हे काय टाईप केलंत? डिलीट करा, यार!" राजस खुर्चीतून उठलाच. नागपूरचा विद्यार्थी, शेजारच्या टेबलावर पार्टटाइम काम करायचा.

शोभनाकाकूंनी मान वर केली नाही. अमेरिकेत, ॲन आर्बरच्या युनिव्हर्सिटी लायब्ररीत त्या जुनी पोस्टरं स्कॅन करून त्यांची माहिती भरत. बाहेर इराकच्या युद्धाचं तिसरं वर्ष चालू होतं, आत पेटीत दुसरं महायुद्ध. समोरचं पोस्टर त्रेचाळीस सालचं. त्यावर फोटो: रस्त्यात उताणा पडलेला तोफांच्या कारखान्यातला कामगार, बाजूला मोटारीचं चाक. खाली ठळक मजकूर: रस्ता बघून ओलांडा. हा मेला, आघाडीच्या बारा तोफा बुडाल्या.

"माणूस मेला आणि मेल्यांना सुतक तोफांचं!" काकू म्हणाल्या.

'चित्रातली व्यक्ती' हा रकाना भरल्याशिवाय कॉम्प्युटर पुढे सरकत नाही. काकूंनी त्यात लिहिलं होतं: अरुण दाभाडे.

अरुण त्यांचा नवरा. दोन वर्षांपूर्वी बसमधून उतरून रस्ता ओलांडताना गाडीखाली गेला. तिसऱ्या दिवशी, घरात भेटायला आलेली माणसं बसलेली असताना, त्याच्या ऑफिसचा फोन आला. सॉरी म्हणाले, आणि त्याच दमात लॅपटॉपचा पासवर्ड विचारला. दहावा व्हायच्या आत त्याच्या खुर्चीत दुसरा माणूस बसला. पोस्टर छापलं नाही, एवढीच माणुसकी.

"काकू, हे सर्चमध्ये कायम दिसेल. जगभर."

"दिसू दे. कुठंतरी नाव राहील त्याचं."

"जॉब जाईल तुमचा!"

"जाऊ दे. पोळ्या लाटीन."

राजस पोस्टरवर वाकला. मग चाचरत म्हणाला, "पण हा माणूस कोणीतरी वेगळाच आहे ना, काकू?"

काकूंनी फोटो पहिल्यांदाच नीट पाहिला. रुंद जबडा. एका बुटाची नाडी सुटलेली. यालाही घरी कोणीतरी हाक मारत असेलच.

"खरंय तुझं," त्या म्हणाल्या. "मेलेल्याच्या जागी दुसरा बसवायचा, तर त्या ऑफिसात आणि माझ्यात फरक काय?"

त्यांनी एकेक अक्षर पुसलं. लिहिलं: नाव माहीत नाही. कॉम्प्युटर निमूट पुढे सरकला.

मग त्यांनी पांढरे हातमोजे घातले आणि पोस्टर उचललं. अंगठा त्या माणसाच्या तोंडावर येत होता. त्यांनी तो कडेला सरकवला.