होड्यांना हाक मारणारी घंटा

मित्रांनो, मी एक जुनी पितळी घंटा आहे. देवळातली नव्हे आणि शाळेतलीही नव्हे. अंधेरीच्या पश्चिमेला, खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर, दोन दगडी खांबांमधल्या तुळईला मी टांगलेली आहे.

माझा जन्म मोडीतून झाला. कोळणींनी घरोघरचे गळके हंडे आणि चेपलेल्या पराती गोळा केल्या आणि ओताऱ्याने त्या वितळवून मला घडवले. त्या काळी होड्यांवर ना यंत्र होते, ना फोन. धुके दाटले आणि एखादी होडी वेळेवर परतली नाही, की किनाऱ्यावरचे लोक माझा दोर ओढत. माझ्या आवाजाच्या रोखाने खलाशी घरची वाट धरत. होडी वाळूला लागली की बायका मला कुंकू लावत. तेव्हा मला कोण अभिमान वाटे!

पण एकदा मी हरले. हिवाळ्यातल्या एका धुक्याच्या दिवशी बळवंत कोळ्याची होडी परतली नाही. त्याची बायको पार्वती सकाळपासून माझा दोर ओढत होती. तळहातांची साले निघाली, तरी तिने तो दुसऱ्याच्या हाती दिला नाही. दुपार कलल्यावर होडी आली. बळवंत तिच्यात नव्हता. लाटेने त्याला ओढून नेले होते.

पुढे होड्यांवर वायरलेस आले, मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. मला कुणी विचारीनासे झाले. कुणी मला निळा ऑइलपेंट फासला, कुणी माझ्या खांबाला कपडे वाळवायची दोरी बांधली. तुळईला वाळवी लागली. मी कोसळेन या भीतीने लोक माझ्याखालून जाणेही टाळू लागले.

अशात चेंबूरची अपूर्वा आणि दिंडोशीचा सौरभ आपल्या मित्रमैत्रिणींना घेऊन आले. उपनगरातल्या जुन्या विहिरी, पाणपोया, दीपमाळा ही मुले सुट्टीच्या दिवशी नीट करतात. कुणी सांगितलेले नसते, तरी करतात. मशीनने रंग चटकन निघाला असता; पण अंगावरची नक्षीही गेली असती. म्हणून त्यांनी बांबूच्या बारीक कामट्यांनी, भर उन्हात बसून, एकेक पापुद्रा काढला. सागवानाची नवी तुळई बसवली.

"अपूर्वा, बघ गं, काय झकास दिसतेय ही!" सौरभ म्हणाला. मित्रांनो, मी तेव्हा लाजलेच असेन.

मग थंडीतल्या एका रविवारी सोहळा ठरला. रांगोळ्या पडल्या, बँड आला. माझा पहिला टोल द्यायला एक मोठे पाहुणे आले होते. त्यांनी दोर हातात घेतला आणि गर्दीतून म्हातारी पार्वती पुढे घुसली.

"नको वाजवू! दोन होड्या अजून बाहेर हायेत. माझा नातू मितेश हाय एकीवर."

"म्हणजे काय, आजी?" अपूर्वाने विचारले.

"अगो पोरी, कुणी आलं नाय की ही वाजते. हिचा आवाज ऐकला की आमच्या घराघरांत जीव उडतो. हौसेनं नाय वाजवायची ही."

पाहुण्यांनी घड्याळ पाहिले. "एकदाच वाजवतो. फोटो काढा. मला पुढे जायचंय."

"यार, सगळ्याची वाट लागेल," सौरभ कुजबुजला. "वर्षभर राबलोय आपण!"

अपूर्वाने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग पाहुण्यांच्या हातातला दोर हळूच सोडवून घेतला. "माफ करा सर. होड्या येईपर्यंत आम्ही थांबणार."

पाहुणे निघून गेले. पाठोपाठ बँडही गेला. मुले वाळूत बसून राहिली. पार्वती त्यांच्याजवळ बसली आणि तिने बळवंतची हकिगत सांगितली. घुश्शात असलेला सौरभ ऐकता ऐकता मान खाली घालून बसला. थोड्या वेळाने तो उठला आणि तिच्यासाठी चहा घेऊन आला.

ऊन उतरल्यावर पहिली होडी आली. दुसरी बऱ्याच वेळाने आली. मितेशने गुडघाभर पाण्यात उडी मारली. "काय गं आजी, एवढी माणसं कशाला?"

पार्वतीने प्रत्येक खलाशाचा चेहरा निरखून पाहिला. मग बायकांना गल्लीगल्लीत धाडले, "सांगा, सगळी आलीत. घंटा वाजली तर भिऊ नका." बायका परतल्या तेव्हा त्यांच्यामागून अख्खा कोळीवाडा किनाऱ्यावर आला.

"ये गो पोरी," पार्वती अपूर्वाला म्हणाली. "आज सगळी घरात हायेत. आता वाजव."

"आजी, तुम्ही."

शेवटी दोघींनी मिळून दोर ओढला. मी वाजले. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला शोधत नव्हते. पार्वती रडत होती आणि हसतही होती.

मित्रांनो, तुमच्याजवळची जुनी वस्तू जरूर घासा-पुसा, तिला उभी करा. पण तिच्या शेजारी राहणाऱ्या माणसांना आधी विचारा, की ती इथे कशासाठी आहे. या मुलांनी विचारले, ऐकले आणि ती थांबली. म्हणून ती मला फार मोठी वाटतात.

आणि कधी आमच्या किनाऱ्यावर आलात आणि मी गप्प दिसले, तर वाईट वाटून घेऊ नका. सगळ्या होड्या सुखरूप आहेत, एवढेच समजा.