डोळे मिटून ऐकायचं वाक्य

आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत इंग्रजी शब्दांचे अर्थ दादा लिहायचा आणि उदाहरणाची वाक्यं मी. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. पण कामात भाऊबिऊ काही नाही, नुसता खडूस. मी वाक्य वाचायचं, त्याने डोळे मिटून ऐकायचं. चित्र उभं राहिलं तर डोळे उघडणार, वाक्य पास. नाही तर गडी तसाच बसून राहणार, आणि मी मुकाट्याने दुसरं वाक्य शोधायचं. त्यापुढे संपादकांचंही काही चालत नसे.

'शाइन' या क्रियापदाने आम्हाला घाम फोडला. दिसायला साधं, उजेड देणारं. पण सूर्य, घासलेले बूट, खूश झालेला चेहरा, गणितात सगळ्यांच्या पुढे जाणारी मुलगी, सगळ्यांना तेच चालतं. 'सूर्य तळपत होता' ऐकून दादा ढिम्म. कोणाच्या डोक्यावर ते सांग, म्हणे. तुझ्या टकलावर, मी चिडून म्हटलं. तेव्हा मात्र डोळे उघडून हसला. कोशात ते टक्कल कायम राहिलं.

एकच अर्थ उरला होता: एखाद्या गोष्टीवर बॅटरी मारणे. त्याचं वाक्य सोमवारी करू म्हणाला, आणि रविवारी दुपारी मोजे घालता घालता पलंगावरून खाली कोसळला.

दवाखान्यात त्याला नळ्या लावल्या होत्या. डोळे मिटलेले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलत राहा, कधी कधी ऐकू जातं. मी काय बोलणार? वहिनी गेल्यापासून आम्ही दोघंच घरात, आणि धड बोलायचो ते भांडतानाच. म्हणून मी वाक्य वाचलं. पोलिसाने गाडीत बॅटरी मारली. डोळे मिटलेलेच. खरंच, वाक्य पोचट होतं. मग पोलीस म्हातारा केला, मागच्या सीटवर एक झोपलेलं मूल ठेवलं. तरी नाही. पोलीस काढून प्लंबर आणला, त्याला पाण्याच्या टाकीत डोकावायला लावलं. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून माझ्याकडे चोरून बघायची. बघेना का. दादाचे डोळे उघडत नाहीत म्हणजे माझं वाक्य जमलेलं नाही, एवढंच मला आयुष्यभर ठाऊक होतं. चांगलं वाक्य सापडलं की तो उठणार होता.

मग एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी बोटाने त्याची पापणी वर केली आणि डोळ्यात छोटी बॅटरी मारली. मग दुसऱ्या डोळ्यात. राहिलेल्या अर्थाचं वाक्य माझ्यासमोर घडत होतं. मी ते लिहिलं नाही.

"ताई, आता वाचू नका," त्या म्हणाल्या.

"एकच राहिलंय," मी म्हटलं. "हे चांगलं आहे."

त्या थांबल्या. मी वाचलं: जिन्यातला दिवा गेला होता, म्हणून भाऊ वर येईपर्यंत ती दारातून पायऱ्यांवर बॅटरी मारत उभी राहिली.

दादाने डोळे उघडले नाहीत. दुपारी तो गेला. मी तिथेच त्याच्यावर रागावले, मोठ्याने, कारण वाक्य चांगलं होतं.

काही दिवसांनी संपादक माझ्या टेबलापाशी आले. पानं छापायला जायची होती. हवं तर तेवढं वाक्य मी घालतो, म्हणाले. भला माणूस. मी नको म्हटलं. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून जिन्याचं वाक्य मीच मोठ्याने वाचलं आणि मीच डोळे मिटले.

लगेच दिसलं. आमचा जिना, कठड्याला घासणारी भाजीची पिशवी, आणि डोळ्यांवर नको, पायाशी मार, म्हणून खालूनच ओरडणारा दादा. वाक्य पास होतं. आता फक्त डोळे उघडायचे होते. संपादक शेजारी वाट बघत उभे होते, आणि माझ्याने ते उघडवेनात.