कोरी प्रत

रादोयने गाण्यांची तबकडी दोन तळव्यांमध्ये काठांवर पेलली आणि खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. घराबाहेर जाणारी प्रत्येक तबकडी तो अशी नुसत्या नजरेने पारखायचा. प्लोव्हदिव शहराच्या जुन्या बाजारात तो वापरलेल्या तबकड्या विकायचा, आणि तिथे त्याने सांगितलेला दर्जा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

ही तर पारखायचीही गरज नव्हती, ती कोरी होती, एकदाही न वाजलेली. त्याच्या बायकोने, नेदाने, विसाव्या वर्षी गावच्या बायकांबरोबर गायलेली डोंगरातली गाणी होती तीत, आणि दुसरं गाणं नेदाचं एकटीचं. दुसरी प्रत त्याला कुठेच सापडली नव्हती. नेदा म्हणायची, लाव की जरा. तो म्हणायचा, सुई टेकली की दर्जा उतरला. पुढे तिने म्हणणंच सोडलं. तिला जाऊन चार वर्षं झाली, तरी या खुळ्या माणसाने ती लावली नव्हती.

नेदाच्या गावात मुलींना गाणं शिकवणारी बिसेरा या तबकडीसाठी तीनदा विनवून गेली होती. नेदाचं ते एकटीचं गाणं येणारं गावात कुणी उरलं नव्हतं. शेवटी रिकाम्या घराला कंटाळून आज त्याने हो म्हटलं, घेऊन जा, आणि ती आता पिशवी घेऊन त्याच्या शेजारी उभी होती.

पहिलं गाणं काळंभोर, चकचकीत. तिसरंही तसंच. दुसऱ्या गाण्याचा पट्टा मात्र राखाडी पडला होता. पाच-दहा वेळा लावून एवढी झीज होत नाही. मधल्या भोकाभोवतीही बारीक ओरखडे होते, तबकडी चाचपडत बसवणाऱ्या हाताचे. रादोयने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काय झालं, काका? खराब आहे का?"

"वाजलेली आहे."

"तुम्ही तर म्हणाला होतात, कधी लावलीच नाही."

"मी नाही लावली."

तो खुर्चीत बसला. तीस वर्षं दर रविवारी तो पहाटे बाजाराला जायचा आणि दिवेलागणीला परतायचा. नेदा मिरच्या भाजता भाजता विचारायची, आज काय मिळालं? मग तो जेवण होईपर्यंत सांगत बसायचा. तू दिवसभर काय केलंस, असं त्याने कधी विचारलं नव्हतं. आता ते आठवून त्याला स्वतःची लाज वाटली.

बिसेराने भीत भीत विचारलं, गाणं ऐकू तरी येईल ना? खरखरेल, पण येईल, असं सांगून त्याने तबकडी तिच्या हातात दिली. ती पिशवीत घालू लागली, तसा त्याने तिचा हात धरला.

"आधी इथे लाव, पोरी," तो म्हणाला. "मी घरात असताना एकदा तरी वाजू दे."