मालकांचा संघ

वेंडेल टॉफ्टेने तिकिटाच्या खिडकीतून नोट आत सरकवली. आर्डिसने ती तशीच बाहेर सरकवली.

"तिकिटं छापलीच नाहीत, मिस्टर टॉफ्टे. घेणार कोण? सगळे मालक आहेत."

पाच वर्षांपूर्वी हा बेसबॉलचा संघ एकट्या वेंडेलचा होता. गावातलं मैदान लहान पडतं म्हणून त्याने नऊ मैलांवर, हायवेलगत मोठं बांधलं. गाड्या लावायला भरपूर जागा ठेवली. गाड्याच आल्या नाहीत. जुन्या मैदानावर माणसं चर्चमधून, बेकरीतून, न्हाव्याच्या खुर्चीतून अर्धे केस कापलेल्या अवस्थेत चालत यायची. तशा डोक्याने नऊ मैल कोण जाणार? शेवटी तिथे फक्त रानबदकं येत. ती मात्र सामना संपेपर्यंत बसत. मग त्याने संघ विकला, गावाने वर्गणी काढून तो विकत घेतला आणि बेकरीमागच्या जुन्या मैदानावर परत आणला.

आज रविवार, पहिला सामना. रांग त्याच्या बाजूने आत सरकत होती.

"बाजूला हो रे वेंडेल," न्हावी म्हणाला, "मालकांना जाऊ दे."

वेंडेल खिडकीशी वाकला. "आर्डिस, मलाही एक शेअर दे ना. एकच. सगळ्यांसारखा आत बसेन."

आर्डिसने खण उघडला. एकच शेअर उरला होता. तिने खण लावून टाकला.

"नाही मिळणार."

"राग आहे तुझा माझ्यावर. कळतं मला."

"आहेच. पण तू मालक झालास तर सामना बघणार कोण, वेंडेल? अजून खेळ सुरू नाही आणि मालकांनी तीनदा चेंडू टाकणारा पिचर बदललाय. कुणीतरी नुसतं बसायला हवं."

तिने वहीचा कागद फाडला, त्यावर 'तिकीट' असं लिहिलं आणि मघाची नोट मागून घेतली.

वेंडेल सॉसेज विकत घेऊन पहिल्या रांगेत बसला. "सॉसेज जरा गार आहे," तो स्वतःशीच पुटपुटला.

"गिऱ्हाइकाची तक्रार आहे!" मागून पाद्री ओरडले. दोन मिनिटांत चौघे मालक गरम सॉसेज घेऊन धावत आले. पाचवा मोहरीची चटणी घेऊन आला. वेंडेलने सगळी खाल्ली. मालक असताना त्याला कुणी साधं पाणी विचारलं नव्हतं.

सातव्या डावात भोंगा खरखरला.

"आजची प्रेक्षकसंख्या," निवेदक म्हणाला आणि कागद पुन्हा तपासल्यासारखा थांबला. "एक."

वेंडेल उभा राहिला आणि त्याने हात वर केला, मोजणीत चूक नको म्हणून.