बोटभर फट

मी एक जुने, लांबलचक, अक्रोडाच्या लाकडाचे टेबल आहे. मित्रांनो, हे वाक्य मी आज ठसक्यात म्हणू शकते. मध्यंतरी काही आठवडे मला ‘मी दोन छोटी टेबले आहे’ असे म्हणावे लागत होते. तो धक्का अजून माझ्या अंगातून उतरलेला नाही.

इटलीत मार्के प्रांताच्या टेकड्यांवर, ऑलिव्हच्या बागेमागे एक दगडी घर आहे. त्याच्या स्वयंपाकघरातच माझा जन्म झाला. वीज पडून आडवे झालेले झाड घरधनी नाझारेनोच्या वडिलांनी चिरले, फळ्या आत आणल्या आणि मला जागच्या जागी जोडले. मी दारातून कधी आत आले नाही, त्यामुळे दारातून बाहेर जाण्याची भीतीही मला कधी वाटली नाही.

उभ्या जन्मात मी माणसे पाहिली ती कमरेपासून वर आणि गुडघ्यांपासून खाली. तेवढ्यावरही माणूस चांगला कळतो. माझ्या हिशेबात दोनच रकाने आहेत: पावाचा खरपूस टोकाचा तुकडा आधी उचलणारे, आणि तो दुसऱ्यासाठी ठेवणारे. पहिला रकाना भरगच्च आहे. दुसऱ्यात नाझारेनो होता, आणि त्याची बायको अर्मिदा.

थंडीची चाहूल लागली की माझे कौतुकाचे दिवस सुरू होत. मक्याचे पीठ तांब्याच्या हंड्यात हात दुखेपर्यंत ढवळून अर्मिदा पोलेंता शिजवायची, आणि ताटे न मांडता थेट माझ्या पाठीवर ओतायची. मधोमध सॉसेजचा रस्सा. प्रत्येकाने आपल्या कडेपासून खात खात मध्यापर्यंत पोचायचे. पाठ भाजून निघे, पण त्या चटक्यासाठी मी वर्षभर वाट पाहत असे.

मग नाझारेनो गेला. त्याची खुर्ची भिंतीला लागली. अर्मिदा पाहुणे ठेवू लागली, त्यांना पोटभर वाढू लागली, आणि स्वतः चुलीपाशी उभ्याने जेवू लागली. पुढे पाहुणेही आटले. यंदा तिने सांगूनच टाकले, “या शरदात एखादा मोठा गट आला नाही तर घराला कुलूप. मी अँकोनाला लेकीकडे जाते, तिसऱ्या मजल्यावर.” तिसऱ्या मजल्यावर माझे काय होणार, हे कुणी बोलले नाही.

अर्मिदाचा जावई ग्वाल्तिएरो माणूस मनाचा चांगला, पण त्याला सुचते फार. सप्टेंबरातल्या एका रविवारी अर्मिदा चर्चमध्ये गेली असताना तो करवत घेऊन आला. मला वाटले, पाय सरळ करायला आला असेल. मित्रांनो, त्याने मला मधोमध कापले आणि कापल्या कडांना नवे पाय ठोकले! मला ओरडता येत नाही, म्हणून भुसा उडाला.

अर्मिदा परतली आणि उंबऱ्यातच थिजली.

“हे काय केलंत, जावईबापू?”

“आई, हल्ली लोकांना वेगवेगळं बसायला आवडतं. छोटं टेबल, मेणबत्ती, दोन खुर्च्या…”

“वेगवेगळं बसायचं तर लोक आपापल्या घरी नाही का बसत? इतक्या लांब कशाला येतील?”

“आणि आता हे दारातून बाहेर काढता येईल,” तो हळूच म्हणाला. तेव्हा मला दुसरा धक्का बसला. त्याच्या डोक्यात अँकोनाची बांधाबांध आधीच सुरू झाली होती.

तेवढ्यात अंगणात गाडी थांबली. बोलोन्याच्या पोस्टातून निवृत्त झालेल्या मित्रमंडळींनी आपले दोन प्रतिनिधी धाडले होते. दर शरदात ही मंडळी आठवडाभर एकत्र राहायला जात, आणि घर निवडायचे काम या दोघांचे. ओर्नेल्लाने उभे आयुष्य खिडकीमागून लोकांचे अर्ज परत केलेले. एजिदिओ पोस्टमन, त्यामुळे कुणाच्याही घरात शिरताच आधी कुत्रा शोधणारा. ‘फक्त बघायला’ आलेली ही दोघे जेवायच्या वेळी आली होती, हे सांगायला नकोच.

“टेकडीवरच्या बंगल्यात पोहायचा तलाव आहे,” ओर्नेल्ला बसण्याआधीच म्हणाली.

“ऑक्टोबरात बदकं पोहतील,” अर्मिदा म्हणाली.

“दुसऱ्या ठिकाणी रात्रीचं जेवण साडेसहाला देतात.”

“अरे देवा! आजारी आहेत का सगळे?”

एजिदिओ खुदकन हसला. ओर्नेल्ला मात्र माझ्याकडे पाहत होती. “फोटोत लांब टेबल होतं. आम्ही त्याच्यासाठी आलो. हे काय, न्हाव्याचं दुकान?”

ग्वाल्तिएरोचे कान लाल झाले. ओर्नेल्लाने पर्स उचलली. संपले, मला वाटले. घराला कुलूप, मी अर्धी इकडे, अर्धी तिकडे.

“थांब गं,” एजिदिओ म्हणाला. “आपण किती जण आहोत?”

ओर्नेल्लाचा हात पटकन चुलीच्या लोखंडी चिमट्यावर गेला; लोखंडाला शिवले की अशुभ टळते, असे आमच्याकडे मानतात. “तेरा. गेल्या वर्षी चौदा होतो. रेन्झो फेब्रुवारीत गेला.” तिचा आवाज जरा उतरला. “त्या बंगलेवाल्यानं हसत हसत तेरा ताटं एका टेबलावर मांडतो म्हटलं. मी तिथं पाणीसुद्धा प्यायले नाही.”

तेराजण एका टेबलाशी बसले तर जो आधी उठतो तो वर्षाच्या आत जातो, हे आमच्याकडे शेंबडे पोरही जाणते. अर्मिदाने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग माझ्या जखमेत आपले बोट घातले.

“हे बघा. बोट जातं. म्हणजे टेबलं दोन. सात इकडे, सहा तिकडे. पाव मात्र इकडून तिकडे देता येईल.”

ओर्नेल्लाने स्वतःचे बोट घालून खात्री केली. अर्ज तपासावा तशी.

“मंजूर,” ती म्हणाली. “आता जेवायला काय आहे?”

मला तिसरा धक्का बसला. ज्या घावाने मला मारले, त्यानेच घर वाचवले!

ऑक्टोबरात तेराजण आले. दोन दिवस फट इमानाने पाळली गेली. तिसऱ्या दुपारी सगळ्यांनी पोलेंताचा हट्ट धरला, तीही फळीवर ओतलेली. ग्वाल्तिएरो वाइन आणायला गावात गेला होता. अर्मिदा हंडा घेऊन आली तर फटीतून सगळे खाली सांडणार! एजिदिओ आणि आणखी तिघांनी मला दोन्हीकडून ढकलून घट्ट चिकटवले. पिवळीधमक पोलेंता एकसंध पसरली. कितीतरी दिवसांनी माझी पाठ सबंध भाजली. जीवात जीव आला.

सगळे कडेपासून मध्याकडे निघाले. सॉसेजच्या शेवटच्या तुकड्यावर ओर्नेल्लाचा काटा एजिदिओच्या काट्याला भिडला, आणि तिने खाली पाहिले.

“एजिदिओ, फट कुठाय?”

घास तोंडातल्या तोंडात राहिले. एजिदिओ अर्धवट उठला.

“बस खाली! आधी उठेल तो जाईल!” ओर्नेल्ला किंचाळली. तो धपकन बसला. सगळ्यांनी लोखंड म्हणून आपापले काटे घट्ट धरले.

“स्टीलचा चालतो का गं?” एजिदिओने विचारले.

“मला काय विचारतोस? रेन्झो असता तर…” आता कुणी हसेना. पोस्टातली तेरा जाणती माणसे माझ्याभोवती खिळून बसली होती. त्यांची भीती त्यांच्या गुडघ्यांतून मला कळत होती.

“अर्मिदाबाई,” ओर्नेल्ला म्हणाली, “चौदावं माणूस हवं. बसा.”

“मी? अहो, मी वाढणारी. ग्वाल्तिएरो येईलच इतक्यात.”

“तोवर ही पोलेंता गार होईल. आणि आम्ही म्हातारे होऊ.”

“आहात की आधीच,” अर्मिदा म्हणाली, आणि तिने हातातला डाव हंड्यात ठेवला. ती चुलीकडे वळली. मग भिंतीकडे. नाझारेनोची खुर्ची तिने स्वतः ओढत आणली, माझ्या टोकाशी लावली, आणि बसली. कुणी तरी पावाचा खरपूस तुकडा तिच्यासमोर सरकवला. एजिदिओने. मी त्याचा रकाना बदलला.

ती खाली मान घालून माझ्या कडेवरची पोलेंता खाऊ लागली. माझ्यावर पडलेले ते थेंब रश्श्याचे नव्हते. मला फरक कळतो.

ग्वाल्तिएरो बाटल्या घेऊन आला आणि दारातच थबकला. सासूला बसून जेवताना पाहून मी करवतीखाली हादरले त्याहून तो जास्त हादरला होता.

“आई, हे… मी परत वेगळं करू?”

“जोडून टाका,” अर्मिदा घास न थांबवता म्हणाली. “चौदावी मी आहे. पुढच्या वर्षीही.”

त्याने खालून लोखंडाच्या दोन जाड पट्ट्या ठोकल्या. आता कुणाला वाईट शंका आली की तो गुपचूप माझ्या पोटाखाली हात घालून लोखंडाला शिवतो. गुदगुल्या होतात, पण मी सहन करते. आणि दारातून बाहेर जाणे पुन्हा अशक्य झाले आहे.

मित्रांनो, घरातल्या जुन्या टेबलाला अधूनमधून तेलाचे बोट लावा, आणि करवत उचलण्याआधी घरात विचारून घ्या. आणखी एक करा. तुमच्याकडे सगळ्यांना वाढून झाल्यावर चुलीपाशी उभ्याने जेवणारे कुणी असेल, तर मोजताना त्या माणसालाही मोजा. तेरा होईपर्यंत थांबू नका.